शेऱ्याचा रकाना

बाई : …तर पुन्हा पहिल्यापासून वाचते सर, चुकलं तर टोका. झडपांची पांढरी लाकडी पेटी, एक. पेटीचे पाय, चार. थर्मामीटर, चार : कमाल, किमान, कोरडा, ओला. पर्जन्यमापक एक, मोजपात्र एक. नोंदवह्या, पंधरा.

सर : पायांपुढे लिहा, तीन शाबूत, एकाला वाळवी.

बाई : ऑफिसला वाळवी कशाला हवी?

सर : ऑफिसला नको असेल, यादीला हवी. जे आहे ते लिहायचं. मोजपात्राला तडा आहे, सात मिलिमीटरच्या खुणेजवळ. तोही लिहा.

बाई : लिहिला. आणखी?

सर : स्टूल राहिलं. लहान वर्गातल्या पोरांचे डोळे थर्मामीटरच्या उंचीला यावेत म्हणून ठेवलं होतं. हल्ली त्याच्यावर मीच बसतो.

बाई : स्टूल, एक. झालं? का खाली ‘सर, एक’ असंही लिहू?

सर : माझी नोंद गेटवर होते. वर्ष झालं, वॉचमन रोज सकाळी वही पुढे करतो. नाव, वेळ, कोणाला भेटायचे. या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि आता मी ‘अभ्यागत’.

बाई : मग ‘कोणाला भेटायचे’ मध्ये काय लिहिता?

सर : किमान.

बाई : किमान?

सर : थर्मामीटरचं नाव. त्याला वाटतं कुणी नवीन मॅडम आल्या आहेत. परवा विचारत होता, त्या रजेवर कधी जातात.

बाई : सर, हसू नये खरं तर.

सर : हसा. उद्यापासून त्याची अडचण संपली. सोमवारी मशीन येणार म्हणे, इथला पाया खणायला.

बाई : मी मोठ्या बाईंशी दोनदा बोलले, सर. पेटी निदान मागच्या भिंतीकडे हलवू म्हटलं. त्या म्हणाल्या, नवीन इमारत तीन मजली आहे, मैदानात सगळीकडे तिची सावली पडणार. मग तिथे मोजून काय उपयोग? आणि ते बरोबरच आहे. 

सर : उत्तर नाहीच. सावलीतली पेटी म्हणजे परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणं. जाऊ दे ती. आठला किती आहेत?

बाई : पस्तीस मिनिटं. सर, त्याआधी तुम्हाला एक विचारायचं आहे, म्हणून तुम्हाला जरा लवकर बोलावलं. आज दुसऱ्या तासाला आठवीला ‘हवा आणि हवामान’ यांतला फरक शिकवायचा आहे. गेल्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, हवामान म्हणजे मोबाइलमध्ये ढगाचं चित्र येतं ते.

सर : आणि हवा?

बाई : एकजण म्हणाला, सायकलच्या चाकात असते ती.

सर : चूक म्हणता येणार नाही.

बाई : म्हणून ठरवलं, व्याख्या फळ्यावर लिहायचीच नाही. पंधरा वह्या पंधरा गटांना वाटल्या. प्रत्येकानं आपापल्या वहीतल्या जानेवारीच्या किमान तापमानांची बेरीज करायची. दोन आठवडे चाललंय. एकेक दिवस म्हणजे हवा, आणि तीस वर्षांचे सगळे दिवस मिळून जे उरतं ते हवामान. आज शेवटची नोंद मिळाली की तीस जानेवारी पुरे होतील. ती सरासरी मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावायची. पेटी गेली तरी कागद राहील.

सर : फक्त जानेवारीच का घेतलात?

बाई : कारण बाकीचे अकरा महिने एकोणतीसच आहेत, सर. तीस गाठलेला महिना हा एकच.

सर : नाही.

बाई : काय नाही?

सर : जानेवारीही एकोणतीसच आहेत. पाचवी वही काढा. पहिल्या वर्षाचा जानेवारी.

बाई : नऊ दिवसांवर लाल रेघ मारलीय ती? तेरा ते एकवीस? तेच तर विचारायचं होतं. ‘अग्राह्य’ असं लिहिलंय. अक्षर तुमचं आहे, पण खालचे आकडे दुसऱ्या कुणाच्या हातचे दिसतात.

सर : आमच्या घरच्या मंडळींचे.

बाई : तुमच्या…

सर : तेव्हा मला पेपर तपासायला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. बारा तारखेची नोंद घेऊन मी निघालो, बावीसला सकाळी परत. मधले नऊ दिवस तिला सांगितलं होतं, आठ वाजता जाऊन बघ आणि लिही. तिनं ते नऊही दिवस घालवले. आणि आपला नियम असा, की सलग पाच दिवस नसले तर तो महिना सरासरीत धरायचा नाही. ती आपल्यात नाही, म्हणून बोलू नये. पण तीस वर्षांच्या कामाला नऊ दिवसांचं भोक पाडून गेली, हे मात्र खरं.

बाई : मग कागदावर काय लिहू?

सर : एकोणतीस लिहा. हवामानाला तीस लागतात. एकोणतीस म्हणजे नुसती पुष्कळ काळची हवा.

शंका : येऊ का, बाई? आमच्या गटाची बेरीज आणलीय. आणि एक शंका आहे.

बाई : ये. सर, ही आठवीतली. वर्गात हिला सगळे ‘शंका’च म्हणतात.

शंका : हजेरीलासुद्धा कधी कधी. सर, तुम्ही पारा आजोबा ना?

बाई : अगं!

सर : असू दे. मागच्या दोन पिढ्या ‘उकाडा सर’ म्हणायच्या. हे बरं आहे. विचार तुझी शंका.

शंका : आधी ही. माझी आई आज सकाळी डब्यावरून चिडली, ती हवा. आणि आई मुळातच चिडकी आहे, ते हवामान. बरोबर?

बाई : किती दिवसांची नोंद आहे तुझ्याकडे?

शंका : तेरा वर्षं.

बाई : तीस लागतात. तोपर्यंत आईला काही म्हणायचं नाही.

सर : मी असं सांगायचो : छत्री घ्यायची का, ते हवा बघून ठरवायचं. घराला छप्पर कसलं घालायचं, ते हवामान बघून.

शंका : हे चांगलंय. बाई, हे फळ्यावर लिहा ना. आता खरी शंका. आमच्या गटाला पाचवी वही आलीय. तिच्यात जानेवारीत पाच दिवस ओळीनं नऊ पॉइंट आठ आहे. एकदम सारखं कसं असेल? सगळे म्हणतात थंडीची लाट होती. मी म्हटलं, लाट असेल तर हलेल ना, ही तर भिंत आहे.

सर : शाबास. ते धरायचं नाही. वरची लाल रेघ दिसली नाही का?

शंका : दिसली. आम्हाला वाटलं, महत्त्वाचं आहे म्हणून अधोरेखित केलंय. लाल म्हणजे परीक्षेला येणार.

बाई : म्हणजे बेरजेत धरलेत?

शंका : नऊच्या नऊ. चुकलं का?

बाई : थांब, तुला दाखवते. हा किमान थर्मामीटर. आडवा का ठेवलाय बघ. आत तांबडं स्पिरिट आहे, आणि स्पिरिटच्या आत ही काळी कांडी, टाचणीएवढी. थंडी वाढली की स्पिरिट आक्रसतं, मागे सरतं, आणि कांडीला बरोबर ओढत नेतं. ऊब आली की स्पिरिट पुढे जातं, पण कांडी?

शंका : तिथेच?

बाई : तिथेच. म्हणून सकाळी बघितलं तरी पहाटे सगळ्यांत कमी किती झालं होतं ते कळतं. मात्र वाचून झालं की नळी हलकेच तिरपी करायची, म्हणजे कांडी घरंगळत पुन्हा स्पिरिटच्या टोकाशी येते. नाही केलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनाच आकडा दिसतो.

शंका : म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांनी कांडी परत आणलीच नाही!

सर : बावीस तारखेला मी पेटी उघडली, तर कांडी एकीकडे आणि स्पिरिट बोटभर पुढे. तिथल्या तिथे कळलं. ती व्हरांड्यात उभी होती, काहीतरी विचारायला म्हणून थांबलेली. मी बोललो तिला.

शंका : काय बोललात?

बाई : शंका.

सर : विचारू दे. म्हटलं, ‘एक साधी नळी तिरपी करता येत नाही? नऊ दिवस मातीत घातलेस.’ चार शिक्षक होते तिथे. ती तशीच घरी गेली. पुढे मी निवृत्त होईपर्यंत पंधरा वर्षं डबा द्यायला यायची ती गेटपर्यंत. पेटीकडे पुन्हा कधी फिरकली नाही.

शंका : तुम्ही रोजच असं बोलायचात का आजींना?

सर : त्याची नोंद ठेवली नाही. आणि तेव्हा ती आजी नव्हती. एकेचाळीस वर्षांची होती.

बाई : सर, तुम्ही जाताना त्यांना सांगितलं होतं ना, कांडी परत आणायची असते म्हणून?

सर : म्हणजे काय? लेखी दिलं होतं. सात कलमं, एकाखाली एक. मला माणसाच्या आठवणीवर भरवसा नाही, बाई. म्हणून तर ह्या पंधरा वह्या.

शंका : सात कलमं? मग ती इथे आहेत. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलीयत, खळीनं. आम्हाला वाटलं शाळेची नियमावली आहे.

सर : कुठे? मला तो बारीक, पुसट मजकूर दिसायचा नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. वाच.

शंका : ‘एक. आठला पाच कमी असताना पोचणे. दोन. दार हळू उघडणे, नळीवर श्वास सोडू नये. तीन. आधी कोरडा, मग ओला, मग कमाल, मग किमान. चार. डोळा नळीच्या समोर ठेवणे, वरून वा खालून बघू नये. पाच. किमानात काळ्या कांडीचे उजवे टोक वाचणे. सहा. लगेच लिहिणे, मनात धरून नंतर लिहू नये. सात. दार लावून कडी घालणे.’

सर : पुढे.

शंका : संपलं.

सर : पाचाच्या खाली बघ. पाच आणि सहाच्या मध्ये.

शंका : मध्ये काही नाही, सर.

सर : मागच्या बाजूला असेल.

शंका : चिकटवलंय. पण उजेडाकडे धरलं तर… नाही. कोरं आहे.

बाई : सर, तुमचा हात ते आपोआप करत असणार. आठ वर्षं रोज केलेलं. श्वास घ्यायचा, असं कुणी कलमात लिहीत नाही.

सर : श्वास सोडू नये असं लिहिलंय ना पण. तिनं हे चिकटवून ठेवलं, आणि मला दाखवलं नाही.

बाई : वही तर तुमच्याच कपाटात होती.

सर : हो. मी त्या वर्षाकडे परत वळलोच नाही. लाल रेघ मारली आणि पुढे गेलो.

शंका : सर, आणखी एक शंका. ह्या शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही काय लिहिता? तुमच्या पानांवर नुसतं ‘ढगाळ’, ‘धुकं’, ‘निरभ्र’. पण ह्या नऊ दिवसांत पेन्सिलीनं ओळीच्या ओळी आहेत. लाल रेघ त्यांच्यावरूनच गेलीय, म्हणून नीट लागत नाहीत.

सर : ओळी? कसल्या?

शंका : तुम्ही वाचल्या नाहीत?

सर : आकडे बघितले होते. आकडे चुकले म्हटल्यावर शेरा कोण वाचतो?

बाई : शंका, खिडकीपाशी ये. तारखेवार वाच, आणि आकड्यासकट.

शंका : ‘तेरा तारीख. अकरा पॉइंट दोन. आत पाल होती. ती जाईपर्यंत थांबले, मग वाचलं.’ ‘चौदा. नऊ पॉइंट आठ. बोटं आखडली, पेन्सिल धरवेना.’ ‘पंधरा. नऊ पॉइंट आठ. कालच्याइतकी थंडी नव्हती, पण आकडा तोच आहे.’

सर : काय? पुन्हा वाच ते.

शंका : ‘कालच्याइतकी थंडी नव्हती, पण आकडा तोच आहे.’ पुढे. ‘सोळा. नऊ पॉइंट आठ. पहाटे पांघरूण काढून टाकलं. आकडा तोच. दोनदा बघितलं.’ ‘सतरा. नऊ पॉइंट आठ. तीनदा बघितलं. माझ्या डोळ्यांत दोष असेल. विचारायला कुणी नाही.’

बाई : सावकाश वाच.

शंका : ‘अठरा. नऊ पॉइंट आठ. हा रकाना कशासाठी ते सांगायचं राहिलं, म्हणून मनात येतं ते लिहिते. घरात दिवसभर बोलणं होत नाही, तेवढं इथे होतं. यंत्र रुसलं आहे असं वाटतं.’ ‘एकोणीस. नऊ पॉइंट एक. फार थंडी. यंत्र बोललं.’ ‘वीस. नऊ पॉइंट एक. सकाळीच ऊब, तरी तोच आकडा. दिसलं ते लिहिलं आहे. आपल्या मनाचं काही घातलेलं नाही.’

सर : आणि एकवीस?

शंका : ‘एकवीस. नऊ पॉइंट एक. उद्या ते येतील. विचारायचं आहे.’

बाई : पाणी देऊ का, सर?

सर : नको. किती वाजले?

बाई : आठला अकरा मिनिटं आहेत.

सर : तिला कळलं होतं. पंधरा तारखेलाच कळलं होतं. मी असतो तर मला कळायला दोन दिवस लागले असते. आणि ती व्हरांड्यात उभी होती ती हे विचारायला.

बाई : नंतर कधी बोलणं झालं नाही यावर?

सर : आमच्यात बोलणं व्हायचं, नाही असं नाही. दूध आलं का, दिवा घालवला का. ती गेली त्याला चार वर्षं झाली. आता सकाळी आठला इथे येतो, आकडा मोठ्यांदा वाचतो. तेवढाच आवाज निघतो दिवसातून. मग संध्याकाळपर्यंत गळ्याला काम नसतं. तिनं हे एका ओळीत लिहून ठेवलंय, नाही का? अठरा तारखेला.

बाई : मलाही इथे येऊन सातच महिने झालेत, सर. खोलीवर गेलं की मी मुलांच्या वह्या मोठ्यांदा तपासते. घरमालकीण म्हणाली, तुमच्याकडे रोज कुणी येतं का?

सर : काय सांगितलंत?

बाई : हो म्हटलं. चाळीस जण येतात.

शंका : बाई, मला अजून एक…

बाई : बोल, बोल. तुझ्याशिवाय आमचं भागायचं नाही.

शंका : कांडी फक्त मागे ओढली जाते ना? पुढे आपणहून येत नाही?

बाई : नाही.

शंका : मग चौदा तारखेला ती अकरा पॉइंट दोनवरून नऊ पॉइंट आठला गेली, ती कशी?

बाई : तूच सांग.

शंका : त्या पहाटे खरोखर नऊ पॉइंट आठ झालं असणार. स्पिरिटनं ओढल्याशिवाय कांडी जाईल कशी? आजींची बोटंही आखडली होती. म्हणजे चौदा तारीख बरोबर आहे! आणि एकोणीसही बरोबर, कारण त्या दिवशी आणखी मागे गेली. आणि तेरा… सर, बारा तारखेला तुम्ही निघताना कांडी परत आणली होती?

सर : आणली असणारच. हातानं.

शंका : मग तेराही बरोबर! चुकीचे फक्त पंधरा, सोळा, सतरा, अठरा, आणि वीस, एकवीस. नऊ नाहीतच. सहा.

बाई : सर.

सर : ऐकतोय.

बाई : सलग किती झाले?

सर : मोजू दे तिला.

शंका : पंधरा ते अठरा, सलग चार. मग एकोणीस चांगली. मग दोन. का? सलगचं काय असतं?

सर : सलग पाच नसले तर महिना बाद. चार नसले तर चालतो.

शंका : मग हा चालतो?

सर : चालतो.

बाई : म्हणजे जानेवारी तीस आहेत.

सर : एकोणीस तारीख. तीन तारखा धडधडीत खऱ्या, आणि मी त्यांच्यावरून पट्टी ठेवून रेघ मारली. पोरांना म्हणायचो, घाईत कुणी काही खोडायचं नाही, आधी कारण शोधा. माझी पट्टी तेव्हा खिशातच होती.

बाई : आठला चार मिनिटं.

सर : चला. शंका, आज तू वाचायचं. स्टूल घे.

(तिघं पेटीपाशी जातात. कडी निघते. शंका स्टुलावर चढून श्वास रोखते. बाई पंधराव्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडून, पेनाचं टोपण दातांत धरून उभ्या राहतात.)

सर : डोळा समोर. वरून नाही. कांडीचं कुठलं टोक?

शंका : उजवं. तेरा… तेरा पॉइंट चार.

सर : पुन्हा बघ.

शंका : तेरा पॉइंट चार.

सर : बाई, लिहा. मनात धरून नंतर नको.

बाई : लिहिलं. एकतीस जानेवारी, किमान, तेरा पॉइंट चार. शेऱ्यात काय लिहू? निरभ्र?

सर : शंकाला विचारा. वाचलंय तिनं.

शंका : काहीही चालेल?

सर : दिसलं ते. मनाचं काही घालायचं नाही.

शंका : मग लिहा, ‘निरभ्र. स्टुलाचा एक पाय हलतो. पेटीत जुन्या लाकडाचा वास आहे. सर कांडीकडे बघत नाहीयेत, कडीकडे बघतायत.’

बाई : एवढं मावणार नाही.

सर : मावतं. नऊ दिवस मावलं होतं.

शंका : सर, उद्या तर कुणी बघणार नाही. तरी कांडी परत आणू?

सर : आण. नळी डावीकडून उचल. जास्त नाही, दोन बोटं. बघ, घरंगळली की नाही?

शंका : आली! टेकली स्पिरिटच्या टोकाला. एवढंच असतं?

सर : एवढंच.

शंका : सर, उद्यापासून आठ वाजता तुम्ही काय करणार?

सर : आठ वाजून एक मिनिट होईपर्यंत थांबणार.

बाई : दुसऱ्या तासाला तुम्ही वर्गात याल, सर? छत्री आणि छपराचं तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना. वॉचमनच्या वहीत माझं नाव लिहू आपण.

सर : आधी सरासरी. तिच्याशिवाय वर्गात जाऊन काय सांगू? एका दशांशापर्यंत काढा, आपला थर्मामीटर त्याच्यापुढचं बोलत नाही.

शंका : मी करते. कालपर्यंतची सगळ्या गटांची बेरीज बाईंकडे आहे, नऊही दिवस धरून. अकरा हजार सातशे चार पॉइंट नऊ. आजचे तेरा पॉइंट चार मिळवले… अकरा हजार सातशे अठरा पॉइंट तीन. आता चुकीचे सहा दिवस वजा करायचे. ते सत्तावन्न पॉइंट चार. राहिले अकरा हजार सहाशे साठ पॉइंट नऊ. दिवस नऊशे चोवीस. थांबा हं… बारा पॉइंट सहा.

बाई : मीही इकडे केलं. बारा पॉइंट सहा. कागदावर लिहू, सर? ‘तीस वर्षांची सरासरी’?

सर : लिहा. पण त्याआधी, शंका, आणखी एक गणित कर. मी एकवीस वर्षं म्हणत होतो तसं. महिना ठेव, पण रेघेखालचे नऊच्या नऊ सोड.

शंका : नऊ सोडून दिवस नऊशे एकवीस. अकरा हजार सहाशे तीस पॉइंट आठ भागिले… बारा पॉइंट सहा.

सर : आणि काहीच न सोडता? तिनं लिहिलंय तसं, नऊही दिवस धरून?

शंका : नऊशे तीस दिवस. अकरा हजार सातशे अठरा पॉइंट तीन… बारा पॉइंट सहा.